आकाशातील वहिवाट

बाजारपेठेतील एखाद्या ओट्यावर दोन-तीन पिढ्या बसून व्यवसाय करणाऱ्या माणसाच्या हाती एके दिवशी नोटीस पडते. जागा विकली गेली आहे, अमुक तारखेपर्यंत ती रिकामी करावी, असा तिचा आशय असतो. अशा वेळी पेढीवरची जाणती माणसे पहिला प्रश्न विचारतात तो कागदाचा. भाडेपावती आहे काय? करारनामा आहे काय? आणि कागद नसेल, तर निदान वहिवाट किती वर्षांची आहे?

अमेरिकेतील हजारो नाट्यगृहे, शाळा, प्रार्थनास्थळे, सभागृहे आणि ध्वनियंत्रणा भाड्याने देणारे व्यावसायिक यांच्यावर १५ जानेवारी २०१० रोजी जवळजवळ अशीच नोटीस बजावली गेली. फरक एवढाच, की तो ओटा जमिनीवर नव्हता, आकाशात होता. तेथील फेडरल कम्युनिकेशन्स कमिशन या नियामक संस्थेने जाहीर केले, की ६९८ ते ८०६ मेगाहर्ट्झ या पट्ट्यात चालणारे सर्व बिनतारी मायक्रोफोन १२ जून २०१० नंतर वापरता येणार नाहीत. ज्यांनी पदरचे पैसे मोजून, रीतसर दुकानातून, पक्क्या बिलावर हे संच विकत घेतले होते, त्यांच्या हाती जेमतेम पाच महिने उरले. आपण इतकी वर्षे परवान्याविना बसलो होतो, हेही त्यांच्यापैकी बहुतेकांना त्याच वेळी प्रथम कळले.

या घटनेत तंत्रज्ञानाचा भाग मोठा आहे. तथापि व्यापारी कुटुंबांना त्यातून शिकण्यासारखे आहे ते तंत्रज्ञानापेक्षा व्यवहाराबद्दल. म्हणून प्रथम ही आकाशातील जागा म्हणजे काय, हे पाहणे अगत्याचे ठरेल.

अदृश्य पेठ

बिनतारी मायक्रोफोन म्हणजे एक चिमुकले रेडिओ केंद्रच होय. मायक्रोफोनच्या दांड्यात किंवा नटाच्या कमरेला बांधलेल्या डबीत एक प्रक्षेपक असतो. आवाजाचे विद्युत्‌संकेत तो रेडिओलहरींवर चढवतो आणि रंगमंचालगत ठेवलेला ग्राहक त्या लहरी पकडून पुन्हा आवाजात रूपांतरित करतो. या प्रक्षेपकाची शक्ती अत्यल्प, बहुधा दहा ते पन्नास मिलिवॉट, असते. सामान्य मोबाइल फोन गरजेनुसार दोनशे मिलिवॉटपर्यंत जाऊ शकतो, हे लक्षात घेतले म्हणजे मायक्रोफोनचा जीव किती लहान आहे, याची कल्पना येते.

प्रत्येक लहरीला स्वतःची कंपनसंख्या असते. दर सेकंदाला दहा लक्ष कंपने म्हणजे एक मेगाहर्ट्झ. सहाशे मेगाहर्ट्झच्या लहरीची लांबी बरोबर अर्धा मीटर भरते आणि तिच्यासाठी वीतभरापेक्षाही लहान अँटेना पुरतो. याहून बरीच कमी कंपनसंख्या घेतली, तर अँटेना लांबतो आणि वस्त्रांत लपत नाही. बरीच अधिक घेतली, तर माणसाचे शरीरच लहरींना अडवू लागते. नटाने पाठ फिरवताच आवाज तुटतो. या दोहोंच्या मधला, साधारण ४७० ते ८६० मेगाहर्ट्झचा पट्टा रंगमंचाला मानवतो, तो या कारणाने. पेठेत मोक्याची जागा एकच असावी आणि सर्वांची नजर तिच्यावरच असावी, तशी ही स्थिती आहे. कारण दूरचित्रवाणीलाही हाच पट्टा हवा असतो आणि भिंतींतून आरपार जाऊन दूरवर पोहोचणारा म्हणून मोबाइल कंपन्यांनाही तोच हवा असतो.

जुन्या पद्धतीच्या एका मायक्रोफोनला सुमारे ०.२ मेगाहर्ट्झ जागा लागते. तेव्हा एका मेगाहर्ट्झमध्ये पाच आणि दूरचित्रवाणीच्या आठ मेगाहर्ट्झच्या एका वाहिनीत चाळीस मायक्रोफोन बसावेत, असा हिशेब कोणीही करील. प्रत्यक्षात जेमतेम आठ-दहाच बसतात. कारण दोन प्रक्षेपक जवळ आले, की त्यांच्या लहरी एकमेकींत मिसळून नव्या, नको असलेल्या लहरी उत्पन्न करतात. समजा, एक मायक्रोफोन ६०० वर आणि दुसरा ६०१ मेगाहर्ट्झवर आहे. त्यांच्या संयोगातून ५९९ आणि ६०२ या ठिकाणी भुताटकीसारखे संकेत उमटतात. तिसऱ्या कलावंताचा मायक्रोफोन नेमका ६०२ वर लावला असेल, तर त्याच्या वाट्याला खरखर येते. म्हणूनच मोठ्या कार्यक्रमात सर्व मायक्रोफोनांच्या कंपनसंख्या मुद्दाम असमान अंतराने निवडाव्या लागतात. हे गणित जुळवणे हा आज एक स्वतंत्र व्यवसाय झाला आहे.

मग हा आवाज इंटरनेटवरून का पाठवू नये, असा प्रश्न साहजिकच मनात येतो. पत्र उशिरा पोहोचले तरी वाचता येते, गाण्याचे तसे नाही. गायकाच्या कानातील यंत्रात त्याचाच स्वर सेकंदाच्या काही सहस्रांश भागांपेक्षा अधिक उशिराने पोहोचला, तर त्याचे तालाचे भान सुटू लागते. शिवाय संदेश वाटेत हरवला तर पुन्हा पाठवण्याची सवड येथे नसते. प्रेक्षकांसमोर उच्चारलेला शब्द गेला, की गेला.

बांधावरचे गवत

या मायक्रोफोनांना जागा मिळाली ती दूरचित्रवाणीच्या कृपेने. शेजारशेजारच्या दोन शहरांतील केंद्रांनी एकच वाहिनी वापरली, तर चित्रांत गोंधळ होतो. त्यामुळे प्रत्येक प्रदेशात काही वाहिन्या मुद्दाम रिकाम्या ठेवाव्या लागत. दोन शेतांमधील बांधावर नांगर चालत नाही, पण तिथले गवत एखाद्याच्या शेळीला पुरते. तसे या रिकाम्या वाहिन्यांमध्ये मायक्रोफोनांनी आपला संसार थाटला. काही मिलिवॉटचा प्रक्षेपक सभागृहाच्या भिंतींबाहेर फारसा जातच नसल्याने कोणालाही त्रास झाला नाही आणि कोणी तक्रारही केली नाही.

अमेरिकेतील शुअर कंपनीने १९५३ मध्ये व्हॅगाबाँड या नावाचा बिनतारी मायक्रोफोन बाजारात आणला, तेव्हा त्याचा पल्ला एका दालनापुरताच होता. पुढील अर्धशतकात ही यंत्रे सुधारली, स्वस्त झाली आणि सर्वत्र पसरली. एका मोठ्या संगीतनाटकाला तीस-चाळीस मायक्रोफोन लागू लागले. वृत्तवाहिन्या, क्रीडास्पर्धा, विवाहसमारंभ, शाळांची स्नेहसंमेलने यांपैकी काहीही त्यांच्यावाचून अडू लागले. परंतु अमेरिकेच्या नियमांप्रमाणे या वाहिन्यांमध्ये मायक्रोफोन वापरण्याचा परवाना फक्त प्रसारण संस्था, चित्रपट आणि दूरचित्रवाणी कार्यक्रमांचे निर्माते अशा मोजक्या वर्गांनाच मिळू शकत असे. नाट्यगृहे आणि प्रार्थनास्थळे त्या यादीत नव्हतीच. दुकानदार विकत राहिले, ग्राहक घेत राहिले आणि सरकार पाहत राहिले. वहिवाट पडली, कागद मात्र झाला नाही.

खेळाच्या मैदानावरील लहरी

आकाशातील ही गर्दी किती दाट असते, हे पाहायचे असेल तर मोठा क्रीडासामना पाहावा. अमेरिकी फुटबॉलमध्ये प्रशिक्षकाला आपल्या खेळाडूच्या शिरस्त्राणातील यंत्रातून सूचना देण्याची मुभा १९९४ पासून आहे. डाव सुरू करण्याच्या मुदतीची पंधरा सेकंदे उरली, की हा संपर्क नियमाने तोडला जातो. त्याच मैदानावर पंचांचे मायक्रोफोन, समालोचकांची यंत्रे, बिनतारी कॅमेरे, सुरक्षारक्षकांचे वॉकी-टॉकी आणि मध्यंतरातील गायकांचे संच एकाच वेळी चालू असतात. म्हणून प्रत्येक मैदानावर लहरींची वाटणी करणारा एक समन्वयक नेमलेला असतो. बाहेरून येणाऱ्या प्रत्येकाला आपले यंत्र आधी त्याच्याकडे नोंदवावे लागते. नोंद नसलेले यंत्र चालू आढळले, तर ते बंद करण्यास सांगितले जाते.

लंडनमध्ये २०१२ साली ऑलिंपिक स्पर्धा झाल्या, तेव्हा ब्रिटनच्या ऑफकॉम या नियामक संस्थेने तीन वर्षे आधी, २००९ मध्येच, लहरींच्या वाटपाचा आराखडा प्रसिद्ध केला होता. स्पर्धांसाठी सुमारे वीस हजार बिनतारी जागा वाटून द्याव्या लागतील, असा तिचा अंदाज होता. एरवी संपूर्ण वर्षभरात जेवढे वाटप होत असे, त्याच्या दुपटीहून हे अधिक होते. संरक्षण खात्याकडील काही पट्टे तेवढ्यापुरते उसने घेण्यात आले. लंडनमधील दूरचित्रवाणीचे जुने अॅनालॉग प्रक्षेपण त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये बंद झाल्याने त्या वाहिन्याही हाताशी आल्या. जगभरच्या प्रेक्षकांना या मांडणीचा पत्ताही लागला नाही, आणि तिचे यश त्यातच होते.

लिलावाचा हातोडा

दूरचित्रवाणी अॅनालॉगची डिजिटल झाली, की तितकेच कार्यक्रम पुष्कळ कमी जागेत बसतात. उरलेली जागा सरकारला विकता येते. अमेरिकेने ७०० मेगाहर्ट्झच्या आसपासचा पट्टा २००८ च्या लिलावात सुमारे १९ अब्ज डॉलरना मोबाइल कंपन्यांना विकला. त्याच वर्षी काही लोकहितवादी संघटनांनी नियामकांच्या निदर्शनास आणून दिले, की देशातील बहुसंख्य बिनतारी मायक्रोफोन परवान्याविना चालत आहेत. २०१० चा आदेश हा त्या सगळ्याचा परिपाक होता. नियामकांनी एक सवलत मात्र दिली. दूरचित्रवाणीच्या उरलेल्या वाहिन्यांमध्ये पन्नास मिलिवॉटपर्यंतचे मायक्रोफोन परवान्याविना वापरण्यास त्यांनी तात्पुरती मोकळीक दिली. लोकांनी जुने संच बाजूला टाकले, नवे घेतले आणि त्यांतील बरेच ६०० मेगाहर्ट्झच्या आसपासचे होते.

सात वर्षांनी पुन्हा हातोडा पडला. या वेळी अमेरिकेने उलटसुलट असा दुहेरी लिलाव केला. आपली जागा सोडण्यासाठी दूरचित्रवाणी केंद्रांनी किती घ्यावे, याची बोली एका बाजूला आणि मोबाइल कंपन्यांनी किती द्यावे, याची बोली दुसऱ्या बाजूला. १३ एप्रिल २०१७ रोजी लिलाव पूर्ण झाल्याचे जाहीर झाले. मोबाइल कंपन्यांकडून सुमारे १९.८ अब्ज डॉलर आले. त्यांपैकी १० अब्जांहून थोडे अधिक जागा सोडणाऱ्या १७५ केंद्रांना मिळाले आणि सात अब्जांवर रक्कम सरकारी तिजोरीत जमा झाली. जी केंद्रे जागा न सोडता केवळ दुसऱ्या वाहिनीवर सरकली, त्यांच्या स्थलांतराच्या खर्चासाठी कायद्यानेच १.७५ अब्ज डॉलर राखून ठेवले होते. पुढे २०१८ मध्ये त्यात आणखी एक अब्जाची भर पडली.

मायक्रोफोनवाल्यांच्या नावे या हिशेबात एकही डॉलर नव्हता. ६१४ ते ६९८ मेगाहर्ट्झ एवढा पट्टा गेला. त्यातील केवळ दोन-तीन चिंचोळ्या फटी मायक्रोफोनांसाठी उरल्या. १३ जुलै २०२० ही अखेरची मुदत ठरली. उत्पादक कंपन्यांनी जुना संच परत घेऊन नव्यावर थोडी सूट देण्याच्या योजना काढल्या, हाच काय तो दिलासा. २०१० च्या आदेशानंतर ज्यांनी प्रामाणिकपणे ६०० च्या पट्ट्यातील नवे संच घेतले होते, त्यांना दहा वर्षांत दुसऱ्यांदा तोच खर्च करावा लागला. शिवाय ती मुदत आली तेव्हा महामारीमुळे न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवरील नाट्यगृहे १२ मार्चपासून बंद होती. तिकीटविक्री शून्य असताना नव्या यंत्रांची बिले भरायची होती.

ब्रिटनचा मार्ग

ब्रिटनमध्ये हाच प्रसंग वेगळ्या रीतीने हाताळला गेला. तेथे देशभर फिरणाऱ्या नाटकमंडळ्या आणि वाद्यवृंद यांच्यासाठी ६९ क्रमांकाची एक वाहिनी, ८५४ ते ८६२ मेगाहर्ट्झ, जणू सामाईक गायरानासारखी राखलेली होती. माफक वार्षिक शुल्क भरून कोणालाही तिचा परवाना घेता येत असे, आणि व्यावसायिक मंडळी तो घेतही असत. चौथ्या पिढीच्या मोबाइल सेवेसाठी हा पट्टा विकायचा ठरला, तेव्हा सरकारने गायरान नुसते काढून घेतले नाही, तर त्याच्या बदल्यात दुसरे नेमून दिले. ते म्हणजे ३८ क्रमांकाची वाहिनी, ६०६ ते ६१४ मेगाहर्ट्झ. ही वाहिनी त्यापूर्वी खगोलशास्त्रज्ञांच्या रेडिओ दुर्बिणींसाठी राखून ठेवलेली होती. ताऱ्यांकडून येणाऱ्या क्षीण लहरी ऐकण्याची जागा रंगमंचासाठी मोकळी करण्यात आली.

शिवाय नुकसानभरपाईही दिली गेली. नव्या संचांच्या किमतीचा पन्नास टक्क्यांहून अधिक भाग सरकारी निधीतून मिळाला. मात्र त्याला एक अट होती. ठरावीक कालावधीत ज्याच्या नावे त्या वाहिनीचा परवाना होता, त्यालाच ही भरपाई मिळे. जो परवान्याविना तीच यंत्रे वापरत होता, त्याला काहीही मिळाले नाही.

२०१३ मध्ये ब्रिटनचा चौथ्या पिढीचा लिलाव झाला आणि त्यातून २.३ अब्ज पौंडांहून अधिक रक्कम उभी राहिली. पुढे पाचव्या पिढीसाठी ६९४ ते ७९० मेगाहर्ट्झचा पट्टाही घेतला गेला. १ मे २०२० पासून तो मायक्रोफोनांना बंद झाला. या वेळीही बाधितांसाठी अनुदानाची योजना होती. पूर्वी ३८ क्रमांकाच्या वाहिनीवर स्थलांतरित झालेल्यांना तर या दुसऱ्या फेऱ्यात हलावेच लागले नाही, कारण ती वाहिनी विक्रीच्या पट्ट्याबाहेर होती. अमेरिकेतील त्याच काळातले स्थलांतरित पुन्हा विस्थापित झाले आणि ब्रिटनमधले जागच्या जागी राहिले. याखेरीज ऑफकॉमने विमानांच्या दिशादर्शनासाठी असलेल्या ९६० ते ११६४ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यातही, विमानसेवेला धक्का लागणार नाही अशा बेताने, मायक्रोफोनांना प्रवेश दिला.

दोष कोणाचा?

अमेरिकेची बाजूही नीट समजून घेतली पाहिजे. मोबाइल फोन हा कोट्यवधी लोकांच्या दैनंदिन गरजेचा झाला आहे. दुर्गम खेड्यापर्यंत सेवा पोहोचवायची तर हाच पट्टा हवा. काही हजार सभागृहांच्या सोयीसाठी तो अडवून ठेवणे योग्य ठरले नसते. शिवाय ज्याने परवानाच घेतला नाही, त्याला कोणत्या हक्काने भरपाई द्यायची, हा प्रश्नही गैरवाजवी म्हणता येत नाही. सार्वजनिक जागेवर बसलेल्याने केवळ फार दिवस बसलो म्हणून मोबदला मागितला, तर पावती फाडून बसणाऱ्या शेजाऱ्यावर तो अन्यायच होईल.

परंतु या युक्तिवादात एक उणीव आहे. अमेरिकेतील नाट्यगृहांनी परवाना टाळला नव्हता. तो त्यांना मिळण्याची सोयच नव्हती. पन्नास किंवा त्याहून अधिक मायक्रोफोन नियमितपणे वापरणाऱ्या सभागृहांना आणि ध्वनिव्यावसायिकांना परवान्याचा दरवाजा उघडला तो २०१४ मध्ये, पहिली उचलबांगडी होऊन गेल्यावर. त्यातही पन्नासहून कमी मायक्रोफोन असणारी लहान मंडळी बाहेरच राहिली. ज्याला पावती देण्याची व्यवस्था केली नाही, त्यालाच पावती नाही म्हणून दूर सारणे हा न्याय अपुरा ठरतो. शिवाय दुकानांतून उघडपणे, वर्षानुवर्षे ही विक्री चालू होती. विक्रेत्याने ग्राहकाला परवान्याची अट सांगितली पाहिजे, हा दंडक २०१० च्या आदेशानंतर आला.

दोन्ही देशांतील खरा फरक दातृत्वाचा नसून नोंदवहीचा आहे. ब्रिटनकडे नोंद होती. कोण, कोठे, कोणत्या लहरी वापरतो, हे ठाऊक असल्याने पर्यायी जागा किती लागेल आणि भरपाई किती द्यावी लागेल, याचा हिशेब मांडता आला. अमेरिकेकडे अशी नोंद नव्हती. जे वहीत नाही ते ताळेबंदात येत नाही, हे कोणत्याही व्यापाऱ्याला वेगळे सांगण्याची गरज नाही. लिलावाच्या ताळेबंदात मोबाइल कंपन्यांची बोली जमेला लागली, केंद्रांची भरपाई खर्ची पडली, आणि नाट्यगृहांचा तोटा मात्र कोणत्याच रकान्यात उतरला नाही.

दरम्यान तंत्रज्ञानानेही थोडी वाट काढली आहे. नव्या डिजिटल संचांमध्ये भुताटकीच्या संकेतांचा उपद्रव कमी असल्याने एका वाहिनीत पूर्वीच्या कितीतरी पट मायक्रोफोन बसतात. प्रत्येक मायक्रोफोनला वेगळी जागा न देता एकाच रुंद पट्ट्यात अनेक आवाज एकत्र वाहून नेणारी पद्धतही आली असून अमेरिकेने फेब्रुवारी २०२४ मध्ये तिला मान्यता दिली. अर्थात हे संच महाग आहेत. कमी जागेत संसार करायचा तर सामान अधिक चांगल्या प्रतीचे लागते आणि त्याची किंमत लहान मंडळींना अधिक जाणवते.

आपल्याकडे

भारतात आकाशलहरी ही सार्वजनिक मालमत्ता असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी १९९५ मध्ये, क्रिकेट सामन्यांच्या प्रसारणावरून उद्भवलेल्या वादाचा निकाल देताना स्पष्ट केले. १९३३ च्या बिनतारी तारायंत्र कायद्यापासून आपल्याकडील मूळ तत्त्व असे, की बिनतारी यंत्र बाळगण्यास परवाना हवा. सरकारने ज्या पट्ट्यांना व ज्या यंत्रांना सूट दिली असेल, तेवढीच त्याला अपवाद. लहरींचे वाटप दूरसंचार विभागातील वायरलेस प्लॅनिंग अँड कोऑर्डिनेशन ही शाखा १९५२ पासून पाहते. वाय-फाय ज्यावर चालते तो २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा, तसेच ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झचा पट्टा, हे ठरलेल्या शक्तिमर्यादेत परवान्यातून मुक्त आहेत. मात्र अशा यंत्रालाही त्याच्या प्रकाराची सरकारी मान्यता असावी लागते.

दूरदर्शनने आपले जवळजवळ सर्व अॅनालॉग प्रक्षेपक २०२२ पर्यंत बंद केले. त्याच वर्षी जुलै-ऑगस्टमध्ये झालेल्या लिलावात सरकारला एकूण १,५०,१७३ कोटी रुपयांच्या बोली मिळाल्या. यापूर्वी २०१६ आणि २०२१ मध्ये बोलीच न लागलेला ७०० मेगाहर्ट्झचा पट्टा या वेळी रिलायन्स जिओने देशभरासाठी घेतला. ६०० मेगाहर्ट्झचा पट्टाही प्रथमच लिलावात मांडला गेला होता, पण त्याला एकाही कंपनीने बोली लावली नाही. म्हणजे अमेरिकेत २०१७ मध्ये ज्या पट्ट्याचा सौदा झाला, त्याच्याच आसपासचा माल आपल्याकडे बाजारात येऊन विकला न जाता परत गेला आहे. तो पुन्हा येईलच.

गणेशोत्सवाची मंडळे, विवाहांचे मंडप, व्याख्यानमाला, शाळांचे कार्यक्रम आणि नाटकांचे दौरे यांनी आपल्याकडेही बिनतारी मायक्रोफोनांची वहिवाट पाडलेली आहे. ध्वनियंत्रणेचा व्यवसाय करणारी, विद्युत् उपकरणांची दुकाने चालवणारी किंवा समारंभांचे आयोजन करणारी कुटुंबे वाचकवर्गात थोडी नाहीत. त्यांनी काही गोष्टी आजच पाहून ठेवाव्यात. आपल्या संचाच्या तळाशी किंवा डब्यावर त्याचा लहरीपट्टा छापलेला असतो. तो वाचून नोंदवून ठेवावा. ७०३ ते ७४८ आणि ७५८ ते ८०३ मेगाहर्ट्झ हे पट्टे मोबाइल सेवेसाठी आखलेले आहेत. त्यांतील जुना संच स्वस्तात मिळतो म्हणून घेणे म्हणजे दुसऱ्याच्या गाळ्यात माल उतरवण्यासारखे आहे. असा संच आज ना उद्या ऐन कार्यक्रमात दगा देईल आणि मोबाइल सेवेत अडथळा आणल्याची जबाबदारीही अंगावर येईल. नवा संच घेताना त्याच्या सरकारी मान्यतेचा क्रमांक विचारावा, पक्के बिल घ्यावे आणि ते जपून ठेवावे. एकाच पट्ट्यात सर्व भांडवल गुंतवण्यापेक्षा लहरी बदलण्यास वाव देणारा संच थोडा महाग पडला तरी पत्करावा.

विक्रेत्यांची जबाबदारी तर अधिकच मोठी आहे. ऑनलाइन बाजारात परवान्याची अट न सांगता वॉकी-टॉकी विकले जात असल्याचे आढळल्यावर केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२५ मध्ये बिनतारी उपकरणांच्या विक्रीसाठी मार्गदर्शक तत्त्वे लागू केली. उपकरण कोणत्या लहरींवर चालते आणि त्यास परवाना लागतो काय, हे ग्राहकाला विक्रीपूर्वीच समजले पाहिजे, असा त्यांचा रोख आहे. अमेरिकेतील दुकानदारांनी ही एक गोष्ट वेळीच सांगितली असती, तर कित्येक संस्थांचे पैसे वाचले असते.

व्यावसायिकांच्या संघटनांना याहून मोठे काम करता येण्यासारखे आहे. देशात किती मायक्रोफोन, कोणत्या पट्ट्यात, कशासाठी वापरले जातात, याची माहिती त्यांनीच गोळा करून शासनापुढे ठेवावी आणि माफक शुल्काचा, सोपा, लहान मंडळांनाही परवडेल असा परवाना मागावा. ६०० मेगाहर्ट्झचा पट्टा पुन्हा लिलावात मांडला जाईल, त्या दिवसापूर्वी ही नोंद झालेली असली, तर रंगमंचासाठी एखादी वाहिनी राखून ठेवा, असे आकडेवारीनिशी सांगता येईल. नंतर सांगायला गेले, तर जागा विकली गेली आहे, एवढेच उत्तर मिळेल.